वाटीतली नावं

पूर ओसरल्यावर आठव्या दिवशी
इलाहीनं मारुती रोडचं शटर वर ढकललं.
कॅमेरे वरच्या फळीवर होते, पाणी तिथवर चढलं नव्हतं,
पण कोंडलेल्या ओलीनं डिंक सुटला
आणि सगळ्यांची नावं
खाली गाळात गळून पडली.

त्यानं ती चहाच्या गाळणीनं वेचली, धुतली,
स्टीलच्या वाटीत घालून काउंटरवर ठेवली.
रुपेरी पट्ट्या, तुटकी अक्षरं,
आणि एक लाल गोल चकती, टिकलीएवढी.

चकती भूपाल मगदूमची.
तिच्यावर तो लग्नामागं पाच हजार जास्त घ्यायचा.
मुलीचे वडील व्याह्यांच्या कानाशी लागायचे, जर्मन आहे म्हणे,
की वरमाय पदर सारखा करायची.
माझ्या वाट्याला साखरपुडे, बारशी,
आणि हळदबाजारातल्या पेढ्यांची उद्घाटनं.

"यातला माझा कुठला?"
इलाहीनं दोन काळी धडं पुढं सरकवली, पाठी उघडून.
तीच हिरवी पाटी. तीच फीत.
तेच स्क्रू, त्याच जागी एक आखूड.
कोपऱ्यात बारीक नंबर, शेवटचा आकडा तेवढा वेगळा.

"भिंग तरी?"
"भिंग पण."
"आणि रंग? माझे रंग जरा…"
"लाल थोडा उबदार येतो तुमचा," इलाही म्हणाला.
खोटं बोलायचा नाही तो.
"यांच्यात आत जाऊन तीन बटणं दाबली, की यांचाही येतो."
भूपालनं माझ्याकडं बघितलं.
ती तीन बटणं मला चार वर्षं माहीत नव्हती.

मग, कुणी विचारलं नसताना,
इलाही मिरजेतल्या चाच्यांचं सांगू लागला.
सतार पूर्ण झाली की लांबच्या दुकानाच्या चिठ्ठ्या
पोस्टानं यायच्या, शंभराचा गठ्ठा.
चाचा तारा लावून एकदा वाजवायचे
आणि दुसऱ्याचं नाव स्वतःच्या हातानं डकवायचे.
भोपळा बंद करायच्या आधी मात्र
आत पेन्सिलीनं लिहायचे. नाव नाही, तारीख.
"का?"
"विचारलं नाही कधी."

त्यानं जुना ब्रश घेतला,
बटणाभोवतीची खाच साफ केली.
पिवळं निघालं. हळद.
भूपाल पटकन म्हणाला, हाच माझा!
इलाहीनं दुसऱ्याची खाच साफ केली.
हळद.
तिघंही हसलो, पुरानंतर पहिल्यांदा.

माझा मला पडद्यावरून सापडला.
मी डाव्या डोळ्यानं बघतो,
म्हणून नाक मधोमध टेकतं,
तिथं काचेवरचा लेप उडून
एक बोटभर पांढुरकं झालंय.
भूपाल वाकून त्या डागाकडं
जरा जास्तच वेळ बघत राहिला.

मग वाटीत बोट घातलं, लाल चकती काढली.
"लाव. मार्गशीर्षात सात तारखा आहेत."
इलाहीनं चिमट्यानं लावली, फुंकर मारली.
"सरळ आहे ना?" भूपालनं दोनदा विचारलं.

माझी पट्टी वाटीत नव्हती.
गाळाबरोबर गेली असणार, गटारातून कृष्णेत.
नाव होतं तिथं दोन बारीक भोकं उरली,
मी ती तशीच ठेवली.

बुधगावच्या लग्नात नवरीची भाची
माझ्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली, भोकांकडं बघत.
"ह्याला डोळे आहेत पण कुंकू नाही," म्हणाली,
आणि कपाळावरची काढून लावली.
लाल. गोल.

जेवणानंतर नवरीचे काका आले, पान चघळत,
कॅमेऱ्यापाशी थबकले, चष्मा वर केला.
"जर्मन का?"

समोर पंगत हलत होती, उजेड चालला होता.
मी नाक टेकवलं,
उजवा डोळा मिटला.